शुश्रूषेचे पैसे

अभयने खुर्ची पुढे ओढली आणि न अडखळता खोटं बोलायला सुरुवात केली.

"दोन महिने मी आईजवळच होतो, साहेब. पेज करायचो, भरवायचो. प्लास्टरमुळे तिला उठता येत नव्हतं ना."

लोकअदालतीच्या टेबलापलीकडे न्यायाधीश आणि विमा कंपनीचा माणूस माना डोलवत होते. सुंदराबाई मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय बोलतो हा! त्या दोन महिन्यांत तो विरारहून एकदाच आला होता आणि सफरचंदं ठेवून, चहाही न घेता गेला होता. पेज शेजारची दर्शना जमेल तेव्हा द्यायची. नाही जमलं, तर सुंदराबाई बिस्किटं पाण्यात बुडवून खायच्या.

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत दिवसभर मिरच्यांची देठं खुडून परतताना टेम्पोने त्यांना उडवलं होतं. दावा मेघना वकिलांनी लावला. तडजोडीत काय काय धरतात, तेही त्यांनीच समजावलं होतं. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास, आणि शुश्रूषा.

"घरच्या माणसाने केली तरी तिचे पैसे मिळतात, मावशी. तुमचं कोणी केलं?"

"मुलाने," सुंदराबाई पटकन म्हणून गेल्या होत्या. परक्या बाईसमोर पोटच्या पोराची अब्रू कशी घालवायची? मग कंपनीने मुलालाच बोलवा म्हटलं, आणि अभय एका फोनवर हजर झाला.

"रात्री हिला झोप लागायची नाही," तो आता रंगात आला होता. "मी उशाशी बसून गावच्या गोष्टी काढायचो. केससुद्धा विंचरून द्यायचो, साहेब."

सुंदराबाईंचा हात नकळत अंबाड्याकडे गेला. धडधडीत खोटं, पण ऐकत राहावंसं वाटत होतं. म्हणजे आईचं काय काय करायला हवं होतं, ते पोराला सगळं ठाऊक होतं. त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

"नशीबवान आहात, आजी," न्यायाधीश म्हणाले. "कंपनीला आकडा मान्य आहे. एकदा सही झाली की प्रकरण मिटलं, पुढे अपील नाही. करा सही."

सुंदराबाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"साहेब, तेवढे शुश्रूषेचे पैसे वगळा."

"मावशी!" शेजारी बसलेल्या मेघनाताई दबक्या आवाजात ओरडल्या.

"मुलाने आईचं केलं, त्याचे कसले पैसे घ्यायचे?"

कंपनीच्या माणसाला काय, बरंच झालं. आकडा बदलून लिहिला गेला, सुंदराबाईंनी सही केली. अभयने मान वर केली नाही.

जिन्यात मात्र तो वैतागला.

"काय हे, आई? हक्काचे होते ते."

"खरंच आला असतास, तर हक्काने घेतले असते रे."

खाली आल्यावर रस्ता ओलांडायचा होता. गाड्या थांबत नव्हत्या. अभयने आधाराला हात पुढे केला आणि घुटमळला.

"आई, मोडला होता तो कुठला पाय?"

"डावा," सुंदराबाई म्हणाल्या, आणि तो त्या बाजूला येईपर्यंत थांबल्या.