रविराजचं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे, पण स्कूटरवरचं नव्हे, अमेरिकन फुटबॉलचं! त्या खेळात निमुळता चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे धाडकन अंगावर येतात. म्हणून तर कारखान्यात मला कडक कवच, आत मऊ गाद्या आणि तोंडापुढे जाळी बसवली.

माझ्या वाट्याला आलं रविराजचं डोकं. हा मालवणचा मुलगा. लहानपणी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून खांदे कमावलेला. अमेरिकेत शिकायला गेला, कॉलेजच्या संघातून थेट व्यावसायिक संघात पोचला. समोरच्याला अडवायचं हे त्याचं काम, म्हणजे टक्कर ठरलेलीच. माझ्यावरचे ओरखडे पाहून पोरं त्याच्याकडे सह्या मागत. मला अभिमान वाटे, आणि धाकधूकही.

तिकडे रविवारचा सामना संपला की इकडे मालवणात सोमवारची सकाळ. त्याची आई यशोदा लिलावातून मासे घेऊन पडवीत बसलेली असे. व्हिडिओ कॉलवर ती मासा दाखवी, रविराज नाव सांगे. या खेळात तो कधी चुकला नाही.

एकदा फार जोराची टक्कर झाली. "मी ठीक आहे," तो डॉक्टरांना हसून म्हणाला. पुढच्या रविवारी अंतिम सामना होता ना! मी त्याच्या मांडीवर, आणि आईचा फोन.

"सांग रे, हो खयचो मासो?"

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, तरी नाव आठवेना.

"बांगडो विसारलंस? कसलो रे तू मालवणचो!" ती हसली. मग हसू मावळलं. बाजूचा नारळ तिने कानाशी हलवला. "करवंटी शाबूत आसा, पण आत पाणी हलता मा? माका खरा सांग, डोक्याक लागला?"

माझ्या जाळीत त्याची बोटं घट्ट रुतली.

"होय गो आये."

तो स्वतः डॉक्टरांकडे परत गेला. मेंदूला मार बसला होता. अंतिम सामना त्याच्याविना झाला. नंतर त्याने मला डोक्यावर घेतलंच नाही.

आता तो मालवणात मुलांना वाळूत पळायला, चेंडू झेलायला शिकवतो. टक्कर मात्र नाही. यशोदाआईने माझ्यात कांदे भरलेत. चालेल मला.

मित्रांनो, डोकं आपटलं तर लपवू नका, आधी घरी सांगा. मी करवंटी राखेन. आतलं माझ्या हातात नाही.

रोज सकाळी यशोदाआई दारातच मासा उचलून धरते. रविराज कधी पटकन नाव सांगतो, कधी वेळ लागतो. हात भरून आला तरी ती मासा खाली ठेवत नाही.