मधल्या खोलीतली शिकवणी

मोहिते बाईंनी 'येस्टर्डे' शिकवला, त्या दिवसापासून चंपाक्कांचं स्वयंपाकघर कालच्यातच राहिलं. आज चूल पेटवली तरी हाती लागायची ती कालचीच भाकरी. चंपाक्कांनी ती मुकाट्यानं दुधात कुस्करली. सुनेला इंग्रजीची शिकवणी त्यांनीच लावली होती. समोरच्या घरची सून चारचौघांत इंग्रजी फाडते आणि आपली सून शालन नुसती बघत राहते, याच्या मिरच्या त्यांच्याच नाकाला झोंबल्या होत्या.

मग 'टुमॉरो' झाला. तो पुढच्या दाराच्या सोप्यावर जाऊन बसला. चंपाक्कांचा लेक मारुती तिथं चपला घालायला गेला, तो दिसेनासाच झाला. मोहिते बाई म्हणाल्या, आहेत की, उद्या आहेत. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच. "माझा मारुती तालुक्याला जायचं तर आठ दिवस आधी सांगतो," चंपाक्का करवादल्या, पण सोप्याकडं पाऊल टाकायचा धीर त्यांना झाला नाही.

'ऑलवेज'नं न्हाणीघर घेतलं. तिथला हंडा भरायला लागला तो भरायचा थांबेना. उरली मधली खोली. तिघी तिथं बसायच्या, आणि भिंती रोज थोड्या जवळ सरकून ऐकायच्या.

"एक शब्द राहिलाय," मोहिते बाई म्हणाल्या. "नेव्हर. म्हणजे कधीच नाही."

"तो माझ्या घरात नको."

"जागा तर लागेल त्याला."

शालन उठली. मधल्या खोलीच्या बोळातल्या दारानं बाहेर पडायचं आणि वळसा घालून सोप्यावरनं नवऱ्याला घेऊन यायचं, असं तिनं ठरवलं होतं. चंपाक्कांनी अडवलं नाही. लेक कुणाला नको असतो? घराबाहेर पडताना 'जाते' म्हणणं अशुभ. शालननं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि रिवाजाप्रमाणं म्हणाली, "आत्या, येते."

"इंग्रजीत," मोहिते बाई म्हणाल्या.

शालननं अडखळत सांगितलं, "आय विल कम."

"कधी? ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. आणि आधीचे शब्द चालणार नाहीत. त्यांना घरं मिळालीत."

शालन आठवू लागली. तो एकच उरलेला शब्द तिच्या डोळ्यांत येताना चंपाक्कांना दिसला. त्या धावल्या. एका हातानं तिचा पदर धरला, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या तोंडावर गच्च दाबला.

"मुकी राहा, पोरी. लोक अडाणी म्हणू देत."

शालनचे डोळे हो म्हणत होते. तळव्याखाली ओठ मात्र उघडायला लागले होते.