चाळीस मिनिटांचा खटला

ऊर्मिला देवस्थळीने पुण्यात सहा वर्षं वकिली केली होती. पण लग्न करून जर्मनीत डार्मश्टाटला आली आणि तिची सनद कपाटातच पडून राहिली. इथल्या कोर्टात तिला काडीची किंमत नव्हती. म्हणून २००७ साली शेजारच्या छोट्या गावाच्या श्टाटआर्शीवमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या दप्तरखान्यात, वर्षभराचं काम मिळालं तेव्हा ती हरखून गेली. अमेरिकेतल्या कोर्टाचे जुने कागद वाचून जर्मनमध्ये सारांश करायचा होता, आणि ते तिथे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

कागद होते कास्पार रीडेलचे. याच गावातल्या खोगीर शिवणाऱ्याचा हा मुलगा राजेशाहीविरुद्धच्या १८४८च्या उठावात उतरला, उठाव फसल्यावर जीव घेऊन अमेरिकेला पळाला. इलिनॉयमध्ये वीटभट्टीवर राबता राबता कायदा शिकला, वकील झाला, पुढे राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. गुलामगिरीविरुद्धची त्याची भाषणं ऐकायला माणसं गाड्या जोडून येत. त्याच्या मृत्यूला आता शंभर वर्षं होत होती. गावाने नव्या वाचनालयाला त्याचं नाव द्यायचं आणि त्याच्यावर एक पुस्तिका काढायचं ठरवलं होतं, आणि तिकडच्या वंशजांनी आपण होऊन त्याच्या कागदांची पेटी पाठवली होती.

पेटीच्या तळाशी ऊर्मिलाला १८५६चा एक खटला सापडला. हॅना नावाची एक गुलाम बाई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन नदी ओलांडून, गुलामगिरी नसलेल्या इलिनॉयमध्ये पळून आली होती. तिला परत मागणाऱ्या मालकाचा वकील होता कास्पार रीडेल. हॅनाचा वकील पुरामुळे वाटेत अडकलेला. दुपारपर्यंत थांबा, एवढंच ती विनवत होती. रीडेलने सुनावणी आत्ताच घ्या म्हणून हट्ट धरला. चाळीस मिनिटांत निकाल लागला आणि मायलेकींना परत पाठवलं गेलं.

ऊर्मिलाने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिवाजीनगर कोर्टात तिनेही अशीच एक केस जिंकली होती. कुसुमताई नावाच्या म्हाताऱ्या भाडेकरूबाईंचा वकील पोचला नव्हता. "बाई, पाचच मिनिटं हो, येतायत ते," म्हणत त्या हात जोडून उभ्या राहिल्या, आणि ऊर्मिलाने घरमालकासाठी घर रिकामं करायचा हुकूम घेतला. सीनियरांनी तिची पाठ थोपटली होती.

ती कागद घेऊन दप्तरखान्याचे प्रमुख वीगांड यांच्याकडे गेली. ते निवृत्तीला आले होते. रीडेलच्या मागे त्यांनी बारा वर्षं घालवली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला.

"पन्नास वर्षांच्या कारकिर्दीतली ही एक सकाळ, फ्राऊ देवस्थळी. त्यानंतरच तो बदलला असेल."

"मग तेही लिहू या की! बदलला कशामुळे, ते लोकांना कळू दे."

"पुस्तिकेत काय घ्यायचं ते मी ठरवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही भाषांतर करा."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. कपिल इंजिनिअर, त्याला सरळ हिशेब आवडायचा. "अगं, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे. मग कशाला वाकड्यात शिरतेस?"

ऊर्मिला भांडली नाही. तिने त्या खटल्याचा परिच्छेद पुसून टाकला आणि बत्तीस पानं छापायला दिली. मग आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही.

सप्टेंबरात शंभराव्या स्मृतिदिनाचा समारंभ झाला. रीडेलची पणती एलनॉर, अठ्ठ्याहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका, मुद्दाम अमेरिकेहून आली होती. भाषणं संपल्यावर ती काठी टेकत ऊर्मिलापाशी आली.

"ते कागद तुम्ही वाचलेत ना? मग या पुस्तिकेत हॅना कुठे आहे?"

ऊर्मिलाने हातातली पुस्तिका मिटली.

"आमच्या घरी तिचं नाव घ्यायची बंदी होती," एलनॉर म्हणाली. "गुलामगिरीवरून झालेलं यादवी युद्ध संपल्यावर पणजोबा अकरा वर्षं तिला शोधत होता, एवढंच आजीकडून कानावर आलं. ती सापडली नाही. मला वाटलं, परकी माणसं तरी हे निर्भीडपणे लिहितील. पेटी पाठवली ती त्यासाठीच."

तेवढ्यात वीगांड फुलांचा गुच्छ घेऊन आले. सगळा दोष त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. पण ऊर्मिला म्हणाली, "मी लिहिलं होतं. आणि मीच पुसलं."

वीगांडांचा चेहरा पडला. "पुसायला मी लावलं," ते म्हणाले.

एलनॉर कुणावर रागावली नाही. तिची दृष्टी अधू झाली होती. "मला वाचून दाखवाल?" तिने विचारलं. "मी ते कधी ऐकलेलंच नाही."

तिघं आतल्या खोलीत गेली. बाहेर बँड वाजत होता. ऊर्मिला सावकाश वाचत गेली. हॅनाच्या लेकीचं वय आलं तिथे ती थांबली. पाणी पिऊन तिने पुढे वाचलं. एलनॉर डोळे मिटून बसली होती. वाचून झाल्यावर तिने फक्त मुलीचं नाव विचारलं. ते कागदात कुठेच नव्हतं.

सोमवारी वीगांडांनी तो खटला स्वतः काचेच्या कपाटात मांडला आणि ऊर्मिलाचा परिच्छेद छापून प्रत्येक पुस्तिकेत घातला. नगरपालिकेत मोठा गदारोळ झाला. रीडेलला मानणाऱ्यांनी त्यांना कृतघ्न म्हटलं, उरलेल्यांनी ढोंगी. वाचनालयाला शेवटी कुणाचंच नाव मिळालं नाही.

ऊर्मिलाचं काम डिसेंबरात संपलं. ते याच कारणाने, असं कुणी बोललं नाही. राहा, असंही कुणी म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी तिने शुभाला, पुण्यातल्या जुन्या वकील मैत्रिणीला, फोन लावला आणि कुसुमताईंचा पत्ता काढायला सांगितला.

"कोण कुसुमताई?" शुभा म्हणाली.

ऊर्मिला तिला केसचं साल सांगू लागली, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, त्यांचं आडनावही तिला आठवत नव्हतं.