मुळासकट

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर सांगणारीचे सगळे दात पडोत!

धाकटे डॉक्टर हातात चिमटा घेऊन माशाच्या टाकीवर वाकले होते. दवाखाना दातांचा. टाकीशेजारी स्टुलावर मावशी. थोरल्या डॉक्टरांच्या काळापासून पेशंटची नावं पुकारणारी. धाकट्यांना तिनं लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे चारचौघांत ‘तुम्ही’ आणि डोकं फिरलं की ‘तू’.

“नुसती घाण झालीय, मावशी. या पानांपायी पाणी दिसत नाही. सोमवारी प्लास्टिकची झाडं येतायत. नाहीतर टाकीच काढतो, टीव्ही लावू.”

“टीव्ही बघून दाढेची भीती गेलीय कुणाची? ते बघा.”

बाकावरचा आडदांड ट्रक ड्रायव्हर गाल धरून टाकीत बघत होता. तरंगत्या पानांखाली केसांसारखी मुळं लोंबत होती आणि त्यांत मासा लपला होता. तो शोधता शोधता गडी कण्हायचं विसरला होता.

“रोज दाढा उपटतो मी. हे टिकलीएवढं पान काय घेऊन बसलात!”

“दाढ हिरडीत रुतलेली असते. हे कशात रुतलंय, सांग ना? उपटणार कुठून?”

‘सांग’ ऐकून डॉक्टरांचे कान लाल झाले.

“मुळासकट काढतो. एक पान जरी परत दिसलं तर टाकी तुमची. कायमची!”

“ऐकलंत ना हो?” मावशीनं ड्रायव्हरला विचारलं. त्यानं गाल न सोडता मान डोलावली.

शनिवारी डॉक्टरांनी डोळ्यांना भिंग लावून पान न् पान वेचलं. पाणीसुद्धा बदललं. मावशी एवढंच म्हणाली, “बादली मी ओतून येते.”

सोमवारी ती आली ती कवळीची डबी हातात धरून, ओठ घट्ट मिटून. आल्या आल्या माशाला खाणं घातलं. जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती दिवसभर खुणांनीच पेशंट आत सोडत होती.

“कवळी टोचतेय का?” डॉक्टरांनी विचारलं. मावशीनं डोळे मिटून मान हलवली.

तेवढ्यात पंपाच्या मागून एक पान, अडकून राहिलेलं, डुलत डुलत बाहेर आलं. डॉक्टरांचा हात चिमट्याकडे गेला. जखम दाखवायला आलेला ड्रायव्हर मोठ्यानं खाकरला. हात परत खिशात गेला.

प्लास्टिकची झाडं खोक्यातूनच माघारी गेली. महिन्याभरात टाकी अशी माजली की माशाला वर यायचं तर भांग पाडावा लागतो. तो भांग आता डॉक्टरच पाडून देतात, चिमट्यानं.

यात बनवलेलं एवढंच, की पंपामागे पानबिन काही राहिलं नव्हतं. आणि कवळी त्या दिवशी सकाळपासून मावशीच्या तोंडातच होती; डबीत काय होतं, ते शनिवारच्या बादलीला ठाऊक. शपथेचं म्हणाल, तर पडायला सांगणारीला दात उरलेत कुठे?