तारेवर टाकलेल्या लडी

नागपूरहून उमरेडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने खांबाखांबांवरून गेलेली मी एक जुनी तांब्याची तार आहे. मला एक जुळी बहीण आहे. मित्रांनो, वीज एकीतून जाते आणि दुसरीतून परत येते, तेव्हाच टेलिफोनवर बोलणे होते. म्हणून आम्ही शेजारी राहतो, पण एकमेकींना शिवत नाही.

आधी आमच्यावरून एका वेळी एकच बोलणे जाई. मग दोन्ही टोकांना नवी यंत्रे बसली. आता एक बोलणे नेहमीच्या आवाजात जाते. दुसरे बोलणे यंत्र इतक्या उंच सुरात चढवते, की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही. पलीकडचे यंत्र दोन्ही वेगळी करते आणि उंच सूर पुन्हा खाली आणते. लोकांनी फार कौतुक केले. पुढे ते सरले. उमरेडच्या पोस्टाजवळचा खांब कलला, आम्ही हात पोचेल इतक्या खाली लोंबू लागलो, तरी कोणी पाहिले नाही.

त्या हिवाळ्यात विणकर धोंडबाची बायको भागीरथा नागपूरच्या दवाखान्यात होती. पोटाचे ऑपरेशन होते. मुलगी शामला दुपारी पोस्टात फोन करणार होती. धोंडबा सकाळपासूनच तिथे येऊन बसला. येताना त्याने रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी आणल्या होत्या. त्या वाळत घालायचे काम एरवी भागीरथेचे. त्याने त्या आम्हा दोघींवर पसरल्या.

ओल्या सुताने आम्हाला जोडले. वीज वाटेतच गळू लागली, आणि अशा गळतीत उंच सुरातले बोलणे आधी बुडते. एका व्यापाऱ्याचे तुरीच्या भावाचे बोलणे नेहमीच्या आवाजात नीट चालले होते. शामलाचा फोन मात्र उंच सुरावर लागला. "बाबा, माय..." एवढेच ऐकू आले. मग नुसती खरखर. धोंडबा फोनमध्ये "हॅलो, हॅलो" ओरडत राहिला.

पोस्टातले लाइनमन महादेवराव बाहेर धावले, मागोमाग धोंडबा.

"ह्या लडी कोनाच्या हायेत गा?"

"माह्याच."

"घरी आंगन नाही काय? तारेवर काहून टाकल्या?"

"घरी गेलो असतो अन् तेवढ्यात फोन आला असता तं?"

दोघांनी लडी उतरवल्या. महादेवरावांनी आपल्या दुपट्ट्याने आम्हाला कोरडे पुसले. फोन पुन्हा लागला.

"बाबा, माय बरी हाय! शुद्धीवर आली. अन् पयले हेच इचारून राहिली, लडी वाळत टाकल्या का नाही?"

धोंडबाने डोळे पुसले. "टाकल्या म्हन तिले. पन कुठी टाकल्या, ते सांगू नको."

मला इतके हलके कधी वाटले नव्हते. दुसऱ्याच दिवशी खांब सरळ झाला.

मित्रांनो, एखादी तार लोंबताना दिसली तर तिला हात लावू नका. पोस्टात जाऊन सांगा. तिच्या टोकाशी कोणीतरी सकाळपासून बसलेले असते.