बाळोत्यांच्या तूक्कूची मूडी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. मी बाळोत्यांचा जुना पितळी तूक्कू आहे. कडी आणि झाकण असलेल्या उभ्या डब्याला आमच्या कुंभकोणात तूक्कू म्हणतात आणि त्याच्या झाकणाला मूडी. तान्ह्या बाळाची मळलेली फडकी धुवायला नेईपर्यंत माझ्यात ठेवत.

तंजावरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. ज्या मराठी घरांतले आजे दरबारात पोथ्या लिहीत, त्यांचे नातू आता शाळांतून शिकवत. चंद्रमौली असेच एक पदार्थविज्ञानाचे मास्तर. त्यांना मुलगी झाली, सुंदरी. त्याच आठवड्यात ते महालिंग तांबटाच्या दुकानात आले.

महालिंगने आधी मडकं दाखवलं. "माती ओल शोषते, वास जाणार नाही," चंद्रमौली म्हणाले. लोखंडी बादली दाखवली. "गंजेल आणि फडक्यांना डाग पडतील." तांब्याची कळशी पुढे केली. "मुताने हिरवी पडेल." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"अय्या, तूक्कूत बाळोती? यातून लोक पायस नेतात!" महालिंग म्हणाला. मोठ्या माणसाला तो आदराने अय्या म्हणे.

"नेऊ देत. याला आतून कथलाची जाड कल्हई कर. मूडी अशी हवी की माशी शिरता कामा नये. काठात तार घालून पत्रा दुमड, म्हणजे ती वाकणार नाही."

"माशीला एवढा बंदोबस्त! कलेक्टरच्या बंगल्यालाही असं दार नसेल, अय्या," महालिंग हसला. पण काम त्याने मन लावून केलं.

घरी चंद्रमौलींच्या आई, मीनाक्षीबाई, मला पाहून म्हणाल्या, "नातीच्या घाणीला पितळ आणि माझ्या लोणच्याला मडकं! बरं आहे बाई!" म्हणाल्या खऱ्या, पण मला ठेवायला परसातली सावलीची जागा त्यांनीच झाडून दिली.

विजयलक्ष्मी, म्हणजे सुंदरीची आई, दिवसातून दोनदा मला रिकामा करी. बाळोती राखेच्या निवळीत उकळून उन्हात घाली आणि मला कढत पाण्याने विसळी. शेजारच्या बायका मुद्दाम मला पाहायला येत. आठ महिने असे गेले. सुंदरीला एकदाही जुलाब झाले नाहीत. मला वाटे, हे माझंच कौतुक.

वैशाखात चंद्रमौलींची बहीण पंकजा माहेरी आली. तिच्या लेकराचं पोट बिघडलेलं होतं. त्याचीही बाळोती माझ्यातच पडू लागली. त्याच दिवसांत पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावरचं झाकण विहिरीत पडलं. उन्हाळ्यामुळे घरभर माशा होत्या. मीनाक्षीबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि माझी मूडी उचलून हंड्यावर ठेवली. अगदी नेमकी बसली.

त्यांनी ती चिंचेने घासली, राखेने घासली, पुन्हा चिंचेने घासली. वरून कावेरीचं पाणी शिंपडलं. माझ्यावर एक सूप ठेवलं.

विजयलक्ष्मीने पाहिलं. "सासूबाई, ती मूडी घाणीवरची!"

"होती गे. आता नव्हे. पितळ चिंचेनं शुद्ध होतं, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही काय? एवढी चांगली मूडी घाणीला, आणि माझी नात उघडं पाणी पिणार?"

विजयलक्ष्मीने नवऱ्याला हाक मारली. चंद्रमौली आले. त्यांनी मूडी उजेडात धरली. तिच्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

"लख्ख आहे की," ते म्हणाले. "राहू दे दोन दिवस. नवी आणतो."

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. काठाची ती दुमड मला ठाऊक होती. तिथे चिंच पोचत नाही आणि राखही पोचत नाही. पण भांड्याला तोंड असतं, वाचा नसते.

पंकजाचं लेकरू बरं झालं. सुंदरीला तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. वैद्य आले, डॉक्टरही आले. आजी मांडीवर घेऊन पळीपळीने पाणी पाजत होत्या, त्याच हंड्यातलं. पाचव्या दिवशी सकाळी सुंदरी गेली. माझ्यात टाकायला तिचं एकही बाळोतं उरलं नाही.

ते मूडीमुळे झालं की सुपाच्या फटींतून उडालेल्या माशीमुळे, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मी पाहिलं तेवढंच सांगतो. पुढच्या आठवड्यात चंद्रमौलींनी सुरीच्या टोकाने दुमड उघडली. आत तारेलगत एक काळी, ओली रेघ होती.

"सासूबाईंना सांगणार?" विजयलक्ष्मीने विचारलं.

"काय सांगू? दुमड घालायला मीच सांगितलं होतं. आणि लख्ख आहे असंही मीच म्हणालो."

त्यांनी मूडी महालिंगकडे नेऊन वितळवून टाकली. हंड्याला नवं झाकण आलं. आईला मात्र कोणी काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मुलगा झाला, व्यंकोजी. मला पुन्हा कल्हई झाली आणि नवी मूडी आली. या वेळी एकसंध पत्र्याची, काठाला दुमड नसलेली. चंद्रमौलींनी एका लहान साखळीने ती माझ्या कानाला कायमची जोडून घेतली होती.

मीनाक्षीबाईंनी साखळी हातात धरली. "ही कशाला रे?"

"हरवू नये म्हणून, आई."

त्यांनी लेकाकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली. मीनाक्षीबाईंनी साखळी हळूच खाली सोडली. मग विहिरीवर जाऊन त्यांनी हात धुतले आणि पुन्हा धुतले.

"विजयलक्ष्मी," त्या म्हणाल्या, "आजपासून पाणी तूच भर गे. त्याला पाजायचंही तूच."

व्यंकोजी धडधाकट वाढला. आजीने त्याला मांडीवर घेतलं, गाणी म्हटली, पण शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने त्याला पाण्याचा थेंबही दिला नाही.

मित्रांनो, भांडं घासाल तेव्हा त्याच्या काठाखालून बोट फिरवा. चकाकी सगळं सांगत नाही. आणि घरात कोणाच्या मायेच्या हातून चूक झाली, तर शेजारी बसून त्या माणसाला ती सांगा. आमच्या घरी ते काम एका साखळीवर सोपवलं होतं. साखळीने सगळं सांगितलं. फक्त त्या म्हातारीच्या पाठीवर हात ठेवणं तिला जमलं नाही.