सरळ मान

नकुशीच्या आईचा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती कोण हे सांगावं लागे. मागच्या हंगामानंतर आई तापानं गेली. म्हणून नकुशीनं ठरवलं, आई कागदाची करायची आणि तिला चालवायचं.

निवृत्तीनंतर मी पाटसच्या साखरशाळेत, ऊसतोडीला आलेल्यांच्या मुलांना, सावल्यांचे सिनेमे शिकवतो. काळ्या कार्डशीटची माणसं कापायची, मान, कोपर, गुडघे दोऱ्याच्या गाठींनी जोडायचे. काचेवर ठेवून खालून दिवा लावायचा. बाहुली गव्हाच्या दाण्याएवढी हलवायची, मोबाइलवर एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. बारा फोटोंचा एक सेकंद.

दहा वर्षांच्या नकुशीनं आठ दिवस खपून आई कापली. डोक्यावर उसाची मोळी, हातात कोयता. फक्त मान डाव्या खांद्याकडं कलली होती. कात्री घसरली असणार. पोरीला वाईट वाटू नये म्हणून मी काही बोललो नाही. रविवारी घरी नवी मान कापून जोडली, छान सरळ. जुना तुकडा पाणी तापवायच्या बंबात गेला.

सोमवारी तिनं बाहुली उचलली. "आबा, मान..."

"आता नीट झाली बघ."

"व्हय," ती म्हणाली आणि कामाला लागली. चारशे ऐंशी फोटो काढले.

हंगामाच्या शेवटच्या दुपारी वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून भिंतीवर सिनेमा दाखवला. मोळी घेतलेली बाई उसातून चालत आली तशा टाळ्या पडल्या.

"लई झ्याक! निस्ती हिरोईन!" दत्ता मुकादम ओरडला.

नकुशीचा बाप चांगदेव पुढं सरकला. "नकुशे, कोन हाय गं ही?"

"कुनी न्हाई. चित्र हाय."

"अहो, तिची आई आहे," मी म्हणालो.

"न्हाई गुरुजी," चांगदेव म्हणाला. "मोळ्या वाहून तिची मान डावीकडं गेली हुती. फडात समद्या बाया सारख्याच दिसत्यात. मी लांबनं मानंवरनंच वळखायचो."

नकुशीनं माझ्याकडं पाहिलं. "आबा, जुना तुकडा हाय का?"

"नाही गं. आपण पुन्हा कापू."

"सकाळी गाडी भरायची हाय," चांगदेव म्हणाला.

ते गेल्यावर मी चार माना कापल्या. एक जास्त कलते, एक कमी. बरोबर कुठली ते विचारायला सकाळी गेलो, तर त्यांच्या पाचटाच्या कोप्यांच्या जागी नुसत्या चुली होत्या.